खांबाच्या अलीकडे

मी एक जुना सुरूचा खांब आहे. मित्रांनो, फिजीच्या एका लहानशा बेटावर माझं सारं आयुष्य गेलं.

गावचे प्रमुख वारले, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांच्या नावाने समुद्राचा एक पट्टा मासेमारीला बंद झाला. त्याची खूण म्हणून मला तासलं, माथ्याला रंगवलेलं सालीचं कापड बांधलं आणि पाण्यात रोवलं. प्रवाळाच्या कड्याला जिथे खिंड आहे, तिच्या अगदी अलीकडच्या, गावाकडच्या काठाशी. त्या खिंडीत लाट फुटत नाही. पाणी कसं निळं, शांत दिसतं. पण ओहोटीला साऱ्या किनाऱ्याचं पाणी त्याच वाटेने बाहेर धावतं.

बंदी लांबत गेली. मासे वाढले, पोरंही वाढली. आया ओरडायच्या, "खांबाच्या अलीकडेच पोहा! पलीकडे गेलात तर तंगडी मोडीन!" मला फार बरं वाटे. कितीतरी पोरं मला हात लावून माघारी वळली.

मग एके दिवशी बंदी उठली. प्रमुखांचे धाकटे भाऊ एपेली यांनी मला हार घातला, यांगोना या मुळांच्या पेयाचे पेले फिरले आणि रिवाजाप्रमाणे मला उपटलं. भरपूर मासे मिळाले. त्या आनंदात मला चुलखंडामागे टाकून दिलं. पुढे कुणीतरी होड्या बांधायला नवा खांब रोवला, तो खिंडीच्या पलीकडच्या काठाला.

प्रमुखांची विधवा सेरेआना गुडघ्यांमुळे किनाऱ्यावर जात नसे; नवा खांब कुठे रोवलाय, हे तिला ठाऊक नव्हतं. सुट्टीला शहरातून तिची नात लोसालिनी आली.

"आजी, पोहायला कुठे जाऊ गं?"

"कुठे म्हणजे? खांबाच्या अलीकडे, तुझी आई पोहायची तिथे. आणि लवकर ये, नाहीतर तुझा मासा मीच खाईन."

"खा! तुला दात कुठे आहेत?" म्हणत पोर हसत गेली.

तिला एकच खांब दिसला. त्याच्या अलीकडे पाणी सर्वांत शांत होतं. तीच खिंड, आणि ओहोटी लागलेली. होडीवाल्यांनी लांबून पाहिलं, ती किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत होती, मारतच होती. होडी पोचेपर्यंत हात थांबले होते.

दफनानंतर सेरेआना काठी टेकत चुलखंडामागे आली. एपेलींना म्हणाली, "हा परत रोवा."

"वहिनी, असा कसा रोवू? कुणी मोठं माणूस गेल्याशिवाय रोवत नाहीत."

"माझ्या घरातलं गेलंय."

एपेली वाकले. त्यांनी स्वतः मला खांद्यावर घेतलं.

मित्रांनो, आता मी पाण्यातल्या किडीने पोखरलो आहे, फार काळ टिकणार नाही. म्हणून सांगतो. परक्या किनाऱ्यावर जाल, तेव्हा आज तिथे पोहणाऱ्या माणसाला विचारा; आठवणीवर विसंबू नका. लाट फुटत नाही तिथल्या शांत पाण्याला भुलू नका. एकटे उतरू नका. ओढ लागलीच तर तिच्याशी झुंजू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा, हाक मारा. सुटायचं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत सुटा. लोसालिनी पट्टीची पोहणारी होती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.