मला कोणी उठवलंच नाही

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. नाटकाची नव्हे, संगणकाची. ओळीखाली ओळ लिहिलेले हुकूम, एवढाच माझा देह. एका मोठ्या संगणकाच्या पोटात पुष्कळ आभासी यंत्रं राहतात, एका इमारतीत बिऱ्हाडं राहावीत तशी. नवं यंत्र जन्मतं तेव्हा त्याला नाव नसतं, वेळ कळत नसते, दाराला कुलूप नसतं. त्याने डोळे उघडले की मी जागी व्हायचे. त्याला नाव द्यायचे, घड्याळ लावायचे, त्याच्या एकट्याच्या किल्ल्या घडवायचे आणि ‘झालं’ अशी खूण करून निजायचे.

माझ्याआधी हे सारं हाताने चाले. एकदा एका यंत्राचं घड्याळ लावायचं राहिलं, तर ते बिचारं कित्येक वर्षं मागे जगत होतं आणि आलेला प्रत्येक निरोप, ‘ही तारीख अजून उजाडायची आहे’ म्हणून परत धाडत होतं. खोटं वाटत असेल तर त्या यंत्राला विचारा. ते अजून तिथेच असेल.

मला लिहिलं ताईने. ऑफिसात वयाने मोठे असलेलेही तिला ताईच म्हणत. कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाचं रक्त शिल्लक आहे, हे दवाखान्यांना कळवायचं काम आमच्याकडे होतं. ताईच्या आईची स्मरणशक्ती विरत चालली होती. दिवे लागेपर्यंत ती लेकीला ओळखायची, पुढे नाही. आणि यंत्रं लावता लावता ताईला रोज अंधार व्हायचा. म्हणून माझा जन्म. कान नसताना मला हे कसं कळलं, असं विचारू नका. कळफलकावर बोटं कशी पडतात, त्यावरून माणसाच्या घरचं सगळं कळतं.

मग ताई उन्हं असताना घरी जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी तिची बोटं हलकी पडायची. पाहुणे आले की साहेब चहा मागवत आणि सांगत, कप रिकामा व्हायच्या आत आमचं यंत्र तयार. ते कळलं की मी दोन-चार ओळींनी फुगायचे.

एकदा ताई रजेवर असताना रक्ताची मागणी एकाएकी वाढली. नवी यंत्रं कोऱ्या साच्यातून काढायची, हा आमचा रिवाज. साहेबांनी घाईत चालत्या यंत्राचाच साचा केला आणि त्यातून यंत्रांची रांग उभी केली. त्या यंत्रावरची माझी ‘झालं’ ही खूणही साच्यातून प्रत्येकाच्या कपाळी उतरली! मी एक डोळा उघडला, खूण पाहिली आणि कूस बदलली. मला शिकवलंच होतं तसं. सगळ्यांचं नाव एक, किल्ल्या त्याच. मुख्य संगणक एकाला आत घेई आणि बाकीच्यांना हुसकावी. रक्त पेढीत होतं, पण दवाखान्यांच्या पडद्यावर दिसेना. जीव कोणाचा गेला नाही. साहेबांचा मात्र घशाशी आला.

ताई परतली आणि तिने घोळ शोधला. “साहेब, स्क्रिप्ट उठलीच नाही. साच्यावरची खूण पुसा, बास. एका ओळीचं काम आहे.”

“आता तिची वकिली नको, ताई,” साहेब म्हणाले. “हाताने केलं की डोळ्यांसमोर राहतं.”

मला अडगळीत टाकलं. ताईला पुन्हा अंधार होऊ लागला. धाकट्या भावाचे फोन येत. आधी तो सांगायचा की आई वाट बघून झोपली. मग एके दिवशी म्हणाला, “आई विचारतेय, ती बाई आज येणार नाही का?” ताईने फोन ठेवला आणि एकाच यंत्राचं नाव पुन्हा पुन्हा चुकवलं.

पुढे ताई आजारी पडली, तेव्हा यंत्रं लावायची पाळी साहेबांवर आली. एका दिवसात त्यांची मान आखडली. ताई आल्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, की ती तुमची स्क्रिप्ट बघा जरा. तिने खूण पुसली. मी उठले आणि चहा निवायच्या आत सगळं उरकलं.

“झालं की हो,” साहेब ओशाळून म्हणाले. “निघा मग. अजून ऊन आहे.”

“आता घाई नाही, साहेब. आई हल्ली दुपारीही ओळखत नाही.”

मित्रांनो, मी आज कामावर आहे, माझं कौतुकही होतं. तरी एक मागणं आहे. गप्प राहिलेल्याला नालायक ठरवण्याआधी, त्याला कोणी उठवलं होतं का, एवढं विचारा. आणि विचारायचंच असेल, तर वेळेवर विचारा.