जावयानं रंगवलेली साखळी

आमच्या पुतळाचं लग्न झालं ते १९९४ साल. वैशाखात लेक जुईनगरला सासरी गेली आणि पावसाच्या तोंडावर आम्ही होडी वर ओढली.

होडी किनाऱ्याला आली की नांगराची साखळी आधी धुवायची. खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने झाल्यापासून तिला काळा, तेलकट गाळ चिकटून यायचा. सडलेल्या अंड्यांचा वास. कड्यांमध्ये प्लास्टिकच्या चिंध्या, मेलेले किडे. हात कितीही घासले तरी जेवताना घास नाकापाशी अडायचा.

धुतल्यावर माझे मालक साखळी दगडावर मांडून एकेक कडी हातोडीनं ठोकायचे. चांगली कडी खणकन वाजते, गंजानं खाल्लेली थप्प करते. खराब तेवढ्या कापायच्या. मग साखळी उलटी करायची, म्हणजे नांगराकडचं टोक दोराला आणि दोराकडचं नांगराला.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी मी बाजारातून आले, तर साखळी कुंपणावर टांगलेली आणि चंदेरी. जावई दिपेश हातात ब्रश घेऊन उभा. बेलापूरला कचेरीत कामाला होता. लग्नानंतरच्या आवराआवरीत साखळी त्या वर्षी धुवायचीच राहिली होती. गाळावरच त्यानं रंग फासला होता.

"मामी, कशी दिसते? वासपण गेला बघा."

वास गेला नव्हता. त्यावर रंगाचा वास बसला होता.

शेजारची गिरजाबाई कुंपणावरून मला म्हणाली, "राजे, जावायानं सासूला सोरून नांगराला चांदीची साकली केली गो."

दिपेश चहाला आत गेल्यावर मी मालकांना म्हटलं, "अवो, ठोकून काढा तो रंग. खाली घान तशीच हाय."

"नव्या जावायाचा हात लागलाय तिला. त्याच्यावर हातोरी घालू?"

"तो घरी गेल्यावर घाला."

"सनाला येऊन बघंल. मंग पुतलाला सासरी काय काय ऐकावं लागंल?"

"आनि तुटली तर?"

"एक मोसम काडंल."

पौर्णिमेला नारळ सोडला, होडी पाण्यात गेली. दिपेश भेटेल त्याला साखळी दाखवत होता आणि मालक शेजारी उभे राहून हसत होते. मला त्या हसण्याचीही किळस आली. नारळीभात मी तसाच झाकून ठेवला.

पितृपक्षात एका दुपारी वारा फिरला. ओहोटीला नांगर टाकून मालक एकटेच जाळं ओढत होते. गावातले हौसेराव आपल्या होडीत थोडे लांब होते, त्यांनी पाहिलं. साखळी तुटली, होडी आडवी झाली, जाळी बांधायला खाडीत ठोकलेल्या खुंटांवर आपटून उलटली. मालक जाळ्यात गुरफटले.

होडी हौसेरावांनी ओढून आणली. दोराला साखळीचा तुकडा राहिला होता. तुटल्या कडीचा रंग सालीसारखा सुटला होता. आतलं लोखंड ओल्या बिस्किटासारखं, आणि त्यात तोच काळा गाळ, तोच वास. बातमी कळून आलेल्या दिपेशनं नाकाला रुमाल लावला. मी रुमाल ओढून घेतला आणि तो तुकडा त्याच्या हातात दिला.

"धर," म्हटलं. "तुझाच मान हाय."

माझे मालक नामदेव ३० सप्टेंबर १९९४ रोजी बेलापूरच्या खाडीत बुडून वारले.