मारबतीचा डावा डोळा

मित्रांनो, मी एक जुनी मारबत आहे, असं लोक म्हणतात. खरं सांगू? माझं अंग गेल्याच आठवड्यात बांधलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात आम्हा मारबतींची, म्हणजे मोठाल्या कागदी पुतळ्यांची, मिरवणूक निघते. लोक आपली दुखणीखुपणी आमच्या अंगावर घालतात आणि वस्तीबाहेर नेऊन आम्हाला जाळतात. आज तोच दिवस आहे, आणि मला फार भीती वाटते आहे.

माझा जन्म हुडकेश्वरला, मारबती बांधणाऱ्या नानाजींच्या अंगणात झाला. बांबूचा सांगाडा, आत कुहीहून आणलेली तणीस म्हणजे भाताचा पेंढा, वर खळ लावलेला कागद आणि शेवटी रंग. रंगवताना नानाजींचा कुंचला घसरला आणि माझा डावा डोळा उजव्याहून चांगलाच मोठा झाला. त्यांची नात चिन्मयी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. ती ओलं फडकं घेऊन पुसायला धावली.

"राहू दे वं," नानाजी म्हणाले. "डोळा लहान-मोठा झाल्यानं काय होते? मारबत एकच हाय. दरसाली आंग नवं घेते, बस. जळते ते आंग. मारबत जळत नाही."

मला केवढा धीर आला! पण चिन्मयी कसली गप्प बसते?

"ते एक मारबत हाय कुठं, नानाजी? मले दाखवा ना. मागच्या सालची वेगळी, हे वेगळी. सारख्या दिसतात म्हणून आपण एक नाव देतो. नावाच्या मागं काहीच नाही."

"मंग मी काय पाहून बनवतो? समोर तर एकही नसते."

"मागची आठवून बनवता."

"आन् पहिली कोनं काय आठवून बनवली?"

आजोबा-नातीचं हे रोज चालायचं. तुम्हाला गंमत वाटेल, मी मात्र एकेक शब्द कान देऊन ऐकायची. नानाजींचं खरं असेल, तर मी कुठेच जाणार नाही. चिन्मयीचं खरं असेल, तर आज माझी राख होईल आणि मी संपेन. मी माझ्या आत पुष्कळ शोधलं. मागच्या वर्षीची एकही आठवण सापडली नाही. नुसती तणीस होती.

आज सकाळी शेजारच्या तुळसाबाई नातीला कडेवर घेऊन आल्या. पोरगी खोकून खोकून लाल झाली होती.

"मागच्या साली हिच्या बापाचा ताप तूच नेला, माय. हिचं औषध चालू हाय, पण खोकला जाऊन नाही राहिला. तेवढा ने."

ती मी नव्हे हो, असं ओरडावंसं वाटलं. मला काही नेता येतं की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात तुळसाबाई थबकल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"हा डोळा असा नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "तू ते नव्हेस. नवीच हायेस वं तू." मग त्यांनी माझ्या कागदी पायावर हात ठेवला. "मंग तुले भेव लागत असन."

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मला रडू आलं, पण रंगवलेल्या डोळ्यांना रडता येत नाही.

"घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत लोकांनी मला इथवर आणलं. आता मी वस्तीबाहेरच्या मोकळ्या मैदानात उभी आहे. नानाजींनी काडी ओढली आहे. चिन्मयी माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहते आणि पुन्हा मान फिरवते.

मित्रांनो, साऱ्या मारबतींत एकच कोणी असते का, ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता वेळही उरला नाही. तुमच्या घरी एकाच नावाच्या कितीतरी वस्तू असतील. त्यातली एखादी टाकायची वेळ आली, तर खुशाल टाका. पण आधी एकदा तिच्याकडे नीट पाहून घ्या.

पायाशी ऊब लागते आहे. मी फार घाबरले आहे. पण त्या पोरीचा खोकला मी घट्ट धरून ठेवला आहे.