कडू लेटी

ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी मिसेस हेल्गर्सन सुपाने भरलेली काचेची बरणी घेऊन आमच्या शेतमालाच्या स्टॉलवर आल्या. रांग सोडून सरळ गल्ल्यापाशी गेल्या आणि बरणी डॅडसमोर ठेवली.

"ऑरिन, चाख हे."

"सकाळी सकाळी? कॉफी तरी पोटात जाऊ दे."

"चाख म्हणते ना. तुझ्या लेटीचं आहे."

"मग बिघडवायला तुझाच हात लागला असणार," डॅड म्हणाला. "चर्चच्या जेवणातले तुझे बटाटे अजून विसरलो नाही मी."

रांगेतली माणसं हसली. डॅडने चमचाभर सूप तोंडात घातलं आणि बाजूच्या बादलीत थुंकलं. मग चमचा माझ्याकडे दिला.

काकडीचं कडू टोक चुकून चावलं जावं तशी चव होती, पण त्याहून कितीतरी जहाल. ती घशाकडे सरकत गेली आणि सफरचंदाचं सायडर पिऊनही उतरली नाही.

"तुम्ही किती खाल्लंत?" मी विचारलं.

"मी एक घोट. नवऱ्यानं वाडगा चाटूनपुसून संपवला, त्याला पुढ्यात येईल ते गोड. रात्रभर बाथरूममध्ये होता मेला."

मी लेटी भोपळ्यांच्या ढिगावर ताडपत्री ओढली. अशा कडू भोपळ्याने माणूस दवाखान्यात जाऊ शकतो.

लेटी हा आमच्या घरचा भोपळा. चपटा, खोल शिरांचा, फिकट केशरी. डॅडच्या आत्याने, लेटीने, तो वर्षानुवर्षं निवडून घडवला आणि तिच्यामागे डॅडने राखला. सफरचंदं, सायडर, मक्याच्या ताटांचे भारे डोंगरातल्या प्रत्येक स्टॉलवर मिळतात. लेटी दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मी शहरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. शरद ऋतूतले शनिवार-रविवार इथे येऊन वजनकाट्यापाशी उभी राहते.

दुपारी स्टॉल बंद करून आम्ही चौघं सुऱ्या घेऊन शेतात उतरलो. डॅड, माझा भाऊ गॉर्डी, त्याची बायको नोरीन आणि मी. भोपळा चिरायचा, फोडीला जीभ लावायची, थुंकायचं, पुढच्या वेलाकडे जायचं. एकामागून एक सगळे कडू निघत होते.

"पाऊस झाला नाही, त्यानं असेल," गॉर्डी म्हणाला.

"मागं याहून कोरडी वर्षं गेली," डॅड म्हणाला.

मी नोरीनला विचारलं, "गेल्या वर्षी ते शोभेचे भोपळे तू कुठं लावले होतेस?"

ते छोटे, पुटकुळ्यांचे, पट्ट्यापट्ट्यांचे भोपळे बोस्टनची माणसं पायऱ्यांवर मांडायला पिशव्या भरभरून नेतात.

"याच्या कडेलाच. पाण्याची नळी एकच, दोन्हीकडे पुरायची." ती थांबली. "का गं?"

"ते कडूच असतात. दोघांची जात एक. मधमाश्यांनी तिकडचा पराग इकडे आणला."

"पण गेल्या वर्षीचे लेटी गोड होते! मी स्वतः खाल्लेत."

"मी एकेक चाखून बी ठेवलं," डॅड म्हणाला. "कच्ची फोड खाल्ल्याशिवाय बी ठेवायचं नाही. आत्या तशीच करायची."

"गर आईचा असतो, डॅड. बी दोघांचं असतं. फोड चाखून बापाचा पत्ता लागत नाही."

तो सुरीचं पातं पँटला पुसत राहिला. आत्याची रीत इतकी वर्षं टिकली, कारण आसपास दुसरा भोपळाच नव्हता. हे त्याचं त्याला कळलं असावं.

"आधीचं बी?" गॉर्डीने विचारलं.

"ताजं आलं की जुनं कोंबड्यांना घालतो. तुला माहीत आहे."

"मला कुणी सांगितलं असतं तर—" नोरीन म्हणाली.

"सांगायला कुणाला ठाऊक होतं?" डॅड म्हणाला आणि पुढच्या वेलाकडे वळला.

ऊन उतरत आलं तेव्हा दगडी बांधाकडून त्याची हाक आली. "गोड आहे! या इकडे! गोड आहे हा!"

आम्ही धावलो. त्याने फोड माझ्या तोंडात कोंबली. खरंच गोड होती, ओल्या अक्रोडासारखी. गॉर्डीने शीळ घातली, नोरीन रडायलाच लागली. डॅडने टोपी काढली आणि बोटांनी बिया खरवडून तिच्यात भरू लागला.

"पुरेत एवढ्या," तो म्हणत होता. "आत्यानं तर सुरुवातीला मूठभरच आणल्या होत्या."

टोपी भरेपर्यंत मी थांबले. थांबायला नको होतं.

"डॅड, याच्या चारी बाजूंना कडू वेल आहेत. पराग त्यांचाच आला."

"सगळ्या बियांत?"

"बहुतेक सगळ्यांत. एखादी चांगली असेलही. पण बाहेरून ओळखता येणार नाही."

"मग कशी शोधायची?"

"सगळ्या पेरायच्या. आसपास दुसरा भोपळा नको. उमलायच्या आदल्या संध्याकाळी फुलांची तोंडं बांधायची, पहाटे हाताने पराग लावून पुन्हा बांधायची. वेलाचं फळ चाखायचं, कडू निघालं की सगळा वेल बाद. असं बरेच उन्हाळे."

डॅडने गॉर्डीकडे पाहिलं.

"शोभेचे भोपळे बंद करता यायचे नाहीत," गॉर्डी म्हणाला. "लोक त्यासाठीच येतात आता, आणि पेंढ्याच्या गाडीत बसायला. आणि पहाटे मी दूध काढू की फुलं बांधू?"

"मी तुला नाही विचारलं," डॅड म्हणाला. मग माझ्याकडे वळला. त्याने बियांची टोपी माझ्यापुढे धरली. "तू करशील?"

शहरात माझं तिसऱ्या मजल्यावर घर आहे, जमीन नाही. नोकरी सोडली तर परत मिळणार नाही. हे सगळं खरं होतं. आणि हेही खरं होतं की त्या बियांत काही उरलं असेल यावर माझा विश्वास नव्हता.

"नाही जमणार, डॅड."

"एक उन्हाळा?"

"एका उन्हाळ्यानं काही होत नाही."

त्याने मान हलवली. मग बांधापलीकडे सफरचंदाच्या चोथ्याच्या ढिगावर त्याने टोपी उपडी केली, झटकली आणि डोक्यावर घातली.

"टोपी ओली आहे," नोरीन म्हणाली.

"वाळेल."

पुढच्या शनिवारी गॉर्डीने घाऊक बाजारातून भोपळे आणले. गोल, चकचकीत, सगळे एका मापाचे. लेटीची पाटी डॅडने आदल्या दिवशीच उतरवली होती. दरवर्षी बोस्टनहून येणारी एक बाई लाल कोटात आली, त्यातला एक उचलून काट्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या या लेटीशिवाय आमच्या घरी शरद सुरूच होत नाही."

"हा लेटी नाही," डॅड म्हणाला. "बाजारातला आहे."

"चेष्टा करता होय!" ती हसली. "मी ओळखते ना तुमचा भोपळा."

डॅडने आणखी एकदा तोंड उघडलं. मागे रांग होती. त्याने कागदी पिशवी झटकून उघडली, भोपळा आत ठेवला आणि वजन किती झालं ते मला विचारलं.