राजपालच्या वाटणीचे सत्कार

माझ्या नातीचा, श्रावस्तीचा, दात हलायला लागला आणि घरात धास्ती पसरली. तिचं रक्त लवकर गोठत नाही. याआधीचा दात पडला तेव्हा रक्त थांबेना. इंजेक्शनसाठी पोरीला थेट सोलापूरला न्यावं लागलं. ते इंजेक्शन थंड जागी ठेवावं लागतं, आणि सास्तूरजवळच्या आमच्या गावातल्या दवाखान्यात फ्रीजच नव्हता.

तेव्हापासून माझा मुलगा राजपाल पळायला लागला. तो लाइनमन. एका मंडळानं सांगितलं होतं, "आमची बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन वेळेत पुरी करा. तुमच्या नावानं जमलेल्या देणग्यांतून फ्रीज आणि इंजेक्शनं देऊ."

शर्यत तुळजापूरहून आमच्या भागाकडं येणार होती. सून गौरी मोटारसायकल चालवत होती, मी मागं पाण्याच्या बाटल्या धरून बसले होते.

पहिल्याच गावात रस्त्यात मांडव! सरपंच महारुद्र भोंग्यावरून ओरडले, "थांबा राजपालराव! सत्काराशिवाय आमच्या वेशीवरनं जाता व्हय?"

राजपालला मोठ्या माणसांना नाही म्हणता येत नाही. शाल, नारळ, फेटा, मग भाषण, मग चहा. मागचे सगळे पुढं गेले. राजपाल फेट्यासकट, नारळ काखेत मारून पळत सुटला.

गौरीनं घड्याळ बघितलं. "आत्या, पुढंबी भोंगा वाजतोय. असं चाललं तर शर्यत संपायच्या आधी पोरीचे सगळे दात पडून नवे येतील."

"गाडी पुढं काढ," मी म्हणाले.

पुढच्या गावात नारायणराव मास्तर हार घेऊन रस्त्यातच उभे होते. मी उतरले.

"मास्तर, त्याला जाऊ द्या. त्याला जन्म म्या दिलाय. काय घालायचं ते माझ्या गळ्यात घाला."

"अहो केशरबाई, पण फेटा?"

"मला डोकं न्हाय व्हय?"

सगळे हसले. तेवढ्यात राजपाल हात जोडून निघून गेला.

मग प्रत्येक मांडवात मीच. भाषण म्हणून श्रावस्तीची हकीकत सांगायची. एका गावात सारजाबाईनं हळूच विचारलं, "पोरीला शिवल्यावर दुसऱ्याला लागतं का हो ते दुखणं?"

"न्हाय. खुशाल मांडीवर घ्या. ढकलू नका, एवढंच."

राजपाल अगदी शेवटी पोचला, पण वेळेत पोचला. पदक घालायला पाहुणे पुढं झाले, तर तो तिथंच मातीत बसून म्हणाला, "आईला घाला. तिला आता सवय झालीया."

दवाखान्यात फ्रीज आला. घरात इतके नारळ, की रोज जेवणात खोबरं. खोबरं चावतानाच श्रावस्तीचा दात पडला. गौरीनं तिला उचलून दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी फ्रीज उघडला, इंजेक्शन दिलं. चुलीवरची भाकरी करपायच्या आत दोघी परत.

तोंडात कापूस धरून श्रावस्ती बोबडं बोलली, "आज्जी, दात माझा पडला. मग माझा सत्कार?"

मी ट्रंकेतून फेटा काढला. तो तिच्या नाकापर्यंत आला.