शेठचं जाणं आधी गल्लीनं ठरवलं

परवाना मंजूर झाल्याचा मेल आला तेव्हा शेठच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसरा हात माउसवर. एका सिमेंट कंपनीचे शेअर त्यानं सकाळीच घेतले होते, भाव हवा तेवढा चढला होता, आता विकून मोकळं व्हायचं एवढंच बाकी होतं. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातून ओळ वर सरकली: आपला अर्ज मंजूर करण्यात येत आहे. शेठनं विक्रीऐवजी खरेदीचं बटण दाबलं. होते तेवढेच आणखी शेअर पदरात पडले.

पण त्या दिवशी भावाचीही लहर बरी असावी, तो तसाच चढत राहिला. दहा मिनिटांनी सगळं विकून टाकून शेठ बेसिनवर गेला आणि तोंड धुतलं. आठवडाभर डोकं चालवून मिळत नसे तेवढं त्या चुकीनं मिळवून दिलं होतं. चुकीच्या कमाईचं कौतुक करायचं नाही, हा त्याचा नियम. तरी आरशात पाहिलं तर चेहरा आपला हसतच होता.

शेठ हे नाव गल्लीनं ठेवलेलं. दिवसभर घरात बसून शेअर घेतो-विकतो म्हणजे शेठच, असा गल्लीचा हिशेब. शेठकडे पँट्स तीनच होत्या ही गोष्ट वेगळी. वय एक्केचाळीस, लग्न राहून गेलेलं. अकरा वर्षांपूर्वी हिशेबनिसाची नोकरी सोडून त्यानं मागच्या खोलीत टेबल टाकलं, दोन स्क्रीन लावल्या, वीज गेली तर हवी म्हणून बॅटरी आणली, आणि तेव्हापासून बाजार उघडला की त्याचं दार बंद व्हायचं. पुढच्या खोलीत त्याची ताई. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. तिचा संसार दोन वर्षांत आटोपला होता आणि ती शिलाई मशीन घेऊन माहेरी आली होती. कोट, गणवेश, पडदे, काहीही शिवायची. हात असा साफ की उसवलेलं कुठे होतं ते गिऱ्हाइकालाही सापडू नये.

परदेशाचं खूळ शेठच्या शाळेतल्या मित्रानं डोक्यात घातलं होतं. हा मित्र समुद्राकाठच्या एका देशात राहायचा. कुठेही बसून काम करणाऱ्यांना तो देश वर्षभराचा परवाना देतो, तू अर्ज तर कर, असं त्यानं फोनवर सांगितलं. शिवाय घड्याळाच्या फरकामुळे तिथे आपला बाजार पहाटे उघडतो आणि अकराला बंद होतो. पुढचा अख्खा दिवस तुझ्या बापाचा, असं तो म्हणाला. शेठनं गंमत म्हणून अर्ज भरला होता. ताईला सांगितलं नव्हतं, कारण मिळणार थोडंच होतं.

आता दहा दिवसांत उत्तर द्यायचं होतं. शेठनं एक कागद घेऊन मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'जावं', दुसऱ्या बाजूला 'राहावं'. 'जावं'खाली समुद्र, मोकळा दिवस, मित्र, नवी भाषा असं भराभर उतरलं. 'राहावं'खाली त्यानं 'ताई' एवढंच लिहिलं आणि ते इतक्या वेळा गिरवलं की कागद फाटला. ती एकटी कशी राहणार? गॅसचा सिलेंडर कोण सरकवणार? तीन दिवस त्यानं रोज नवा कागद घेतला. रोज तोच निकाल. आणि रोज अंघोळ करताना तो शीळ घालत होता, जी त्यानं कॉलेज सुटल्यापासून घातली नव्हती.

चौथ्या दिवशी त्याच्यानं राहवेना. बाजार बंद झाल्यावर तो कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या मामांकडे दाढीला बसला आणि गालांना फेस असतानाच सगळं सांगून टाकलं. अजून काही ठरलेलं नाही, कुणाला बोलू नका, असंही बजावलं. मामांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. वस्तरा हातातच असल्यामुळे शेठला ती खरी वाटली.

तिथून तो भाजी घ्यायला गेला. परत कोपऱ्यावर येईतो गल्लीत ही एक बातमी सोडून दुसरी बातमी उरली नव्हती. इस्त्रीवाल्यानं त्याचे दोन शर्ट फुकट इस्त्री करून हातात ठेवले. औषधवाल्यानं पोट बिघडलं तर कुठली गोळी घ्यायची ते सांगून पाकीटच खिशात कोंबलं. समोरच्या बाई, ज्या अकरा वर्षांत त्याच्याशी फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्या होत्या, डोळे पुसत खाली आल्या आणि भाचीसाठी एक स्वेटर देऊन गेल्या. भाची भलत्याच खंडात राहायची. शेठनं ते सांगून पाहिलं. वाटेत उतरून दे, असं त्या म्हणाल्या.

अजून ठरलं नाही, असं शेठ ज्याला त्याला सांगत होता, पण कुणी ऐकूनच घेत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला गुदगुल्या होत होत्या. भाजीची पिशवी, शर्ट, गोळ्या, स्वेटर असं सगळं सांभाळत तो दोन-दोन पायऱ्या चढून वर आला. दारातच त्याला आठवलं की ताईला अजून आपण सांगितलेलं नाही.

ताई त्याच्या खोलीत होती. गुडघे टेकून ती भिंतीलगत मापाची फीत लावत होती.

"काय करतेयस?" शेठनं विचारलं.

"बारा बाय दहा," ताई म्हणाली. "मला वाटत होतं त्याहून मोठी निघाली."

तिला एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. आपल्यापासून लपवलं म्हणून ती रागावली असती तर शेठला सोपं गेलं असतं. पण ताई घाईत होती. शहरातल्या एका बँडपथकाला बावन्न कोट हवे होते, पितळी बटणांचे. ते दरवर्षी विचारायचे आणि ती दरवर्षी नाही म्हणायची, कारण त्याला तीन मशिनी आणि दिवसभराचं काम लागलं असतं. या खोलीत तीन मशिनी सहज मावत होत्या.

"पण तू तर दिवसा शिवतच नाहीस," शेठ म्हणाला. "तुला सकाळी लवकर आणि चारनंतरच शिवायला आवडतं."

ताईनं फीत गुंडाळली. "पहिल्या वर्षी तू एकदा आतून ओरडलास, ताई, जरा थांबव ते. मी थांबवलं. पुन्हा चालू कर असं तू कधी म्हणालाच नाहीस."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगावं तसं तिनं सांगितलं. शेठ कॉटवर बसला. ही बिचारी एकटी कशी राहील म्हणून आपण कागद फाडत बसलो, आणि ही अकरा वर्षं आपल्या बाजाराच्या वेळा सांभाळून जगत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानं जाहीर केलं की उद्यापासून दिवसभर मशीन चालव, मला काही होत नाही. ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बरं म्हणाली.

ती बोलण्यावर थांबणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत तिच्या ओळखीच्या दोन शिवणकामवाल्या आपापली मशीन घेऊन हजर. पुढच्या खोलीत दाटीवाटीनं मांडलेल्या तीन मशिनी एकदम सुरू झाल्या आणि घर आगगाडीसारखं धडधडू लागलं. शेठचं टेबल थरथरलं. चहाचा कप आपल्या पायांनी कडेपर्यंत चालत आला. स्क्रीनवरची रेघ भावानं हलतेय की मशीननं, हेच कळेना. शेठनं दात आवळून पहिला सौदा केला. दुसऱ्या सौद्याला पाय मशीनच्या तालावर हलू लागला. तिसऱ्या सौद्याला त्याला इतकं हसू फुटलं की खुर्ची मागे सरकवून त्यानं हसून घेतलं आणि मगच बटण दाबलं. दिवसभरात एकही चूक झाली नाही.

बाजार बंद झाल्यावर तो विजयी वीरासारखा बाहेर आला. "बघितलंस? काही फरक पडत नाही. मी राहू शकतो."

ताईनं मशीन थांबवली. सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "राहू शकतोस ते कळलं. राहायचंय का, ते सांग."

शेठनं तोंड उघडलं. दोन्ही रकाने, सिलेंडर, पाण्याची टाकी, सगळं सांगायचं होतं.

"जायचंय," तो म्हणाला.

शब्द इतक्या झटकन बाहेर पडला की दोघी शिवणकामवाल्या हसल्या. शेठचे कान तापले. ताई हसली नाही. तिनं दोरा दातानं तोडला. मग तसं कळवून टाक, आणि महिनाअखेर खोली मोकळी कर, मला बँडवाल्यांना तारीख द्यायचीय, असं तिनं सांगितलं. सिलेंडरचं काय, असं त्यानं विचारलंच. तो आजवर मीच सरकवत आले, असं उत्तर आलं, आणि ते खरंच होतं.

त्यानं कळवलं. पुढचे तीन आठवडे कसे गेले त्याला समजलंच नाही. ताईनं त्याला चौथी पँट शिवून दिली. निघायच्या दिवशी विमान किती तासांनी पोहोचतं, हे तिनं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ऐकून घेतलं नाही. मग बॅगेची चेन नीट लागते का ते पाहायला ती खाली वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

नव्या गावात शेठची खोली चौथ्या मजल्यावर होती. तिथे पहिल्याच दिवशी अकराला बाजार बंद झाला. त्यानं लॅपटॉप मिटला, खिडकीतून खाली पाहिलं. लख्ख ऊन, माणसं आपापल्या कामाला निघालेली, आणि याचं काम संपलेलं. अकरा वर्षांत त्यानं कामाच्या दिवशी सकाळचं ऊन अंगावर घेतलेलं नव्हतं. तो जिना उतरला, दोनदा रस्ता चुकला, एकदा मुद्दाम चुकला. तिसऱ्या दिवशी त्याला पोहायच्या तलावाची पाटी दिसली.

आता तो रोज साडेअकराला तिथे जातो. शिकाऊंच्या गटात तो आणि पाच बायका आहेत, सगळ्या साठीच्या पुढच्या. शिकवणाऱ्या बाईंचं बोलणं त्याला निम्मंच कळतं. काल त्यांनी खुणेनं सांगितलं की आता कठड्याचा हात सोडायचा. पाणी छातीपर्यंत होतं. शेजारच्या आजी आधीच हात सोडून गोल गोल फिरत होत्या आणि याला बोलावत होत्या. शेठनं एक हात सोडला, थोडं थांबून दुसरा सोडला. नाकात पाणी गेलं, पाय वर आले, आणि चार-पाच हात तो खरोखर पुढे सरकला.