मी वाढवलेले अकरा महिने

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक फुकटचा उद्योग पत्करला. जगाच्या पाठीवरून कुणीही लिहून विचारलं, की आमचे आजोबा तुमच्या शहरातले, त्यांचं काही सापडेल का, तर मी शोधून देतो. जन्माच्या नोंदी, जुनी हजेरीपत्रकं, घरपट्टीचे कागद, जे मिळेल ते चाळतो. बायको म्हणते, "परक्यांचे खापरपणजे तुम्हाला तोंडपाठ, आणि माझ्या धाकट्या भावाला दर वेळी थोरल्याच्या नावानं हाक मारता." ते खरं आहे.

चार वर्षांपूर्वी एका बाईंचं पत्र आलं. साठी उलटलेली, समुद्रापलीकडे घर. आई गेली तेव्हा त्या आठ वर्षांच्या आणि भाऊ पाचाचा. वडील आधीच गेलेले. मावशी मुलीला घेऊन परदेशी गेली, मुलगा इथं काकांकडे राहिला. पुढं काकांनी घर बदललं, पत्रं परत येऊ लागली. "तो असेल तर मला एकदा त्याच्यासमोर बसायचं आहे," एवढंच त्यांनी मागितलं होतं. सोबत भावाच्या जन्माचा दाखला होता, दवाखान्याचा शिक्का असलेला.

दोन महिन्यांत मला एक माणूस सापडला. नाव तेच, वडिलांचं नावही तेच. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करून घरी बसलेला. पण छापखान्याच्या कागदावर त्याची जन्मतारीख अकरा महिने आधीची होती, आणि तसली नावं आमच्याकडे पायलीला पन्नास मिळतात. मुलांना मी जन्मभर एकच शिकवलं, की गणितात दिलेला आकडा आपल्या सोयीनं बदलायचा नाही. मी पत्र लिहिणाऱ्या ताईंना फोन केला.

"हे ते नव्हेत."

"अकरा महिन्यांचाच तर फरक आहे ना, गुरुजी? एकदा विचारून बघू या का?"

"उगाच कुणाच्या दारात जाऊन 'तुम्ही आमचे का?' म्हणून विचारायचं, हे बरं दिसत नाही, ताई. दवाखान्याचा कागद चुकत नाही."

"तुम्ही म्हणता तर तसं," त्या म्हणाल्या. त्यानंतरही आम्ही शोधत राहिलो, दुसरीकडे.

गेल्या महिन्यात आमची शाळा कायमची बंद झाली आणि तिथली प्रवेशाची रजिस्टरं वाचनालयात आली. ग्रंथपाल माझीच विद्यार्थिनी. तिनं एक रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "गुरुजी, हे तुमचं अक्षर ना? आमच्या वहीवर मात्र 'अक्षर सुधारा' लिहायचात."

मी हसत पान उलटलं आणि तिथंच थांबलो. नाव तेच. पालक काका. आईच्या नावाचा रकाना भरलेला, आणि ते नाव ताईंच्या दाखल्यावरचंच. जन्मतारीख छापखान्यातली. शाई माझी.

तेव्हा नियम असा होता, की शाळा उघडण्याच्या दिवशी मूल सहा वर्षांचं पूर्ण हवं. कमी भरलं तर परत पाठवायचं. परत गेलेली मुलं पुढच्या वर्षी सहसा यायची नाहीत, घरचे त्यांना कामाला जुंपत. म्हणून मी त्यांना मोठं करायचो. पालकाला विचारायचं, बोटांवर मोजायचं आणि बसेल अशी तारीख लिहायची. ती पुढं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत, माणसाला जन्मभर चिकटायची. किती मुलांना असं मोठं केलं, त्याचा हिशेब नाही. पण या चार वर्षांत मला ते एकदाही सुचलं नाही.

पत्ता माझ्याकडे होताच. त्याच दुपारी गेलो. दार मुलीनं उघडलं.

"बाबा गेले. सव्वा वर्ष झालं. आपण कोण?"

मी आत बसून सगळं सांगितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांची एक ताई होती म्हणायचे. आम्हाला वाटायचं, लहानपणी गेली असेल. ते जास्त बोलायचे नाहीत."

घरी येऊन ताईंना फोन लावला. काही झाकलं नाही. अक्षर माझं होतं, हेही सांगितलं.

"म्हणजे तेव्हा विचारलं असतं, तर अडीच वर्षं मिळाली असती."

"हो."

"त्याला मुलगी आहे म्हणालात."

"आहे. तिचा नंबर देऊ?"

"उद्या द्या. आज नको." मग त्यांनी विचारलं, "शाळेत कसा होता हो तो?"

त्या वर्गात त्रेचाळीस मुलं होती. शांत होता, अक्षर चांगलं होतं, असं काहीही सांगता आलं असतं. ताईंना ते पुरलं असतं आणि पडताळायला कुणी येणार नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र चेहराच येईना.

"आठवत नाही, ताई."

"जिना उतरायला फार घाबरायचा. तुमच्या शाळेला जिना होता?"

"होता. वर्ग वरच्या मजल्यावर."

"मग कुणी तरी हात धरत असेल त्याचा."

"धरत असेल," मी म्हणालो.